जीर्ण नौकेचा उद्धार



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, विसाव्या अध्यायात, नरदेहास नौकेची उपमा दिली आहे. गुरू हा तिचा कर्णधार आणि भगवत्कृपा हा अनुकूल वारा. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या ग्रंथात याच स्कंधाचे विवरण असल्यामुळे ही उपमा आपल्या घरोघरी रुळली आहे. परंतु नौका जीर्ण झाली तर काय करावे? आमचे वय लहान आणि अधिकार त्याहून लहान. म्हणून हे उत्तर आम्ही गोमंतकाच्या नदीकाठी चुडतांखाली पडलेल्या जुन्या शिडाच्या होडीकडूनच घेतो.

अशी होडी नीट करू पाहणाऱ्या नवशिक्याचा हात प्रथम रंगाच्या डब्याकडे जातो. जाणता मेस्त तो हात अडवितो आणि टोचा घेऊन फळीफळी टोचून पाहतो. टोचा जेथे लोण्यात शिरावा तसा शिरतो, तेथे लाकूड कुजलेले समजावे. नवल असे की, होडी समुद्राच्या खाऱ्या पाण्याने तितकी कुजत नाही, जितकी आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने कुजते. लाकडातील ओलावा शेकडा वीसच्या खाली राहिला, तर त्यास बुरशी सहसा लागत नाही. माणसाचेही असेच आहे. संकटाच्या लाटांनी तो खचत नाही, इतका मनात साचू दिलेल्या आकसाने खचतो. अशा मनावर बाह्योपचाराचा रंग चढविणे म्हणजे कुजक्या होडीत मुलेबाळे बसविणे होय.

दुसरी गोष्ट क्रमाची. खराब फळ्या सगळ्या एकदम काढल्या, तर होडीचा घाटच बिघडतो. एक काढावी, तिच्या जागी नवी बसवावी, मगच दुसरीस हात लावावा. काढलेली फळीही लगेच चुलीत घालावयाची नसते. नवीचे माप तीच देते. जो एकाच दिवशी दहा नियम धरतो, त्याचा अकराव्या दिवशी एकही उरत नाही. एक सवय सोडावी, तेथे दुसरी रुजवावी, आणि वडिलांच्या रीतीचे माप जवळ असू द्यावे.

तिसरी गोष्ट सांध्यांची. उन्हात वाळलेल्या फळ्यांत फटी पडतात. नवशिक्या त्या ठासून भरतो. पुढे पाण्यात फळ्या फुगतात, एकमेकींस रेटतात आणि प्रसंगी फासळ्याही मोडतात. म्हणून फटी बेताने भराव्या आणि होडी पाण्यात ठेवून धीर धरावा. आरंभी ती पाणी घेते. ते उपसावे लागते. परंतु फळ्या ओल्या झाल्या म्हणजे बऱ्याच फटी आपोआप मिटतात. भावाभावांत पडलेल्या फटीही एका बैठकीत ठासून बुजत नाहीत. थोडे पाणी उपसण्याची तयारी ठेवून एकत्र राहावे लागते.

आता कर्णधाराविषयी. २०२५ साली भारतीय नौदलाने 'कौंडिण्य' हे काथ्याच्या दोरीने शिवलेले शिडाचे जहाज आपल्या ताफ्यात घेतले. ते आपल्या गोव्यातच बांधले गेले. प्राचीन जहाजाचा आराखडा हाती नसल्यामुळे त्याचे रूप अजिंठ्याच्या चित्रावरून ठरवावे लागले. शिवणीची विद्या मात्र जिवंत कारागिरांच्या हातांतूनच मिळाली. ते हातही नसते तर? आपल्या वाड्यावरील वृद्ध मेस्त, वृद्ध कीर्तनकार, ओव्या जाणणारी आजी यांच्यापाशी आज बसले नाही, तर उद्या आपणांस नुसत्या चित्रांवर भागवावे लागेल.

कणाच मोडलेली होडी मात्र सहजासहजी दुरुस्त होत नाही, हेही मेस्त स्पष्ट सांगतो. नरदेहरूपी नौकेचा कणा म्हणजे श्रद्धा. तो शाबूत आहे तोवर कोणासही टाकाऊ म्हणू नये, स्वतःसही नाही. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करताना प्रत्येकाने आपली एकेक फळी टोचून पाहावी, आणि ती सुधारण्याचे बळ श्रींनी द्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.