दात्याच्या हातची किल्ली

दान देणाऱ्यानें दिलेल्या वस्तूवर किती हक्क ठेवावा, हा प्रश्न नवा नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं तो थोडक्यांत निकालांत काढला आहे: आपल्या स्वत्वाची निवृत्ति आणि दुसऱ्याच्या स्वत्वाची उत्पत्ति, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच तें दान. हातावर उदक सोडण्याचा अर्थहि तोच. परंतु ज्या वस्तूला किल्ली असते तिच्या बाबतींत उदक सोडूनहि किल्ली कमरेला राहूं शकते, आणि ती राहिली आहे हें दात्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. आमच्या हातून नेमकें हेंच घडलें.

2023 च्या दिवाळीच्या सुटींत, आमच्या महाविद्यालयानें वापरांतून काढलेले सहा संगणक मोखाडा तालुक्यांतील एका गांवच्या वाचनालयास द्यावयाचें ठरलें. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपणार हें तेव्हां जाहीर झालेलें होतें, आणि विंडोज 11 ज्या सुरक्षा-चिपेची अट घालतें ती या यंत्रांत नव्हती. तेव्हां लिनक्स बसवावें हें उघड होतें. पण कोणतें? लिनक्स हें वस्तुतः केवळ गाभ्याचें नांव. तो लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केला. त्या गाभ्याभोंवतीं बाकीचा सरंजाम जुळवून व तपासून जो संच लोकांच्या हातीं देतात त्यास डिस्ट्रो म्हणतात, आणि असे संच शेंकड्यांनीं आहेत.

आमचे एक तरुण सहकारी ‘आर्च’च्या बाजूचे होते. त्यांत सर्व कांहीं नवें असतें. सुधारणांचा ओघ अखंड वाहतो. पण हा ओघ घेण्यास नेट अखंड हवें. आषाढांत त्या डोंगरांत वीज जाते ती कधीं कधीं दिवस दिवस येत नाहीं. दोन महिने बंद पडलेल्या यंत्रावर एकदम सगळ्या सुधारणा ओतल्या तर तें बसकण मारण्याचा संभव फार. ‘फेडोरा’ची प्रत्येक आवृत्ति जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. ‘उबुंटु’ची दीर्घ मुदतीची आवृत्ति पांच वर्षें टिकते, पण तिच्यामागें एक कंपनी आहे, आणि कंपनीचा विचार बदलूं शकतो. शेवटीं आम्हीं ‘डेबियन’ निवडलें. इयान मर्डॉक यांनीं तें 1993 सालीं सुरू केलें. त्याला मालक नाहीं, जगभरचे स्वयंसेवक तें चालवितात. आणि जून 2023 मध्यें निघालेली बारावी आवृत्ति जून 2028 पर्यंत सांभाळण्याचा त्यांचा शब्द होता. ही निवड विचारपूर्वक झाली असें आम्हांस आजहि वाटतें. चूक झाली ती पुढें.

डेबियन बसवितांना आरंभींच भाषा विचारतात, आणि त्या यादींत मराठी आहे. आम्हीं संवयीनें इंग्रजी निवडली. मराठी वाचनालयासाठीं ती कां निवडली, याला उत्तर नाहीं. पुढें ‘रूट’ नांवाच्या सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड विचारतात. येथें एक मौज आहे. ही जागा रिकामी ठेविली तर ते अधिकार पहिल्या सामान्य वापरकर्त्याकडे जातात. भरली, तर ते पासवर्ड जाणणाऱ्यापाशींच राहतात. आम्हीं जागा भरली. वाचनालय चालविणारे गुरुजी शेजारीं उभे होते. त्यांनीं विचारलें, “सर, हा शब्द आम्हांला लागेल ना?” आम्ही म्हणालों, “तुम्हांला त्याचें काम पडणार नाहीं, गुरुजी. कांहीं अडलें तर फोन करा.” हें बोलणें त्या वेळीं आम्हांस सौजन्याचें वाटलें.

2024 च्या जुलैंत वाचनालयाचा प्रिंटर बंद पडला. दुसरा कोणीतरी आणून दिला. पण त्याचें सॉफ्टवेअर बसविण्यास तोच पासवर्ड हवा. आम्ही त्या आठवड्यांत आजारी होतों आणि फोन बंद होता. गुरुजींनीं दोन दिवस वाट पाहिली. मग शिष्यवृत्तीचे अर्ज छापण्यासाठीं ते मुलांना घेऊन जव्हारला गेले. एका मुलीचा बाप सोबत गेला. ऐन लावणीच्या दिवसांत त्याची मजुरी बुडाली. गुरुजींनीं हें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, “चालायचंच, सर. धरण आमच्याकडे, चावी मुंबईला; आम्हांला संवय आहे.” मध्य वैतरणेचें धरण याच तालुक्यांत, कोचाळ्याजवळ आहे. 2014 सालीं त्याचें उद्घाटन झालें, त्याचें पाणी मुंबई पितें, आणि उन्हाळा आला कीं मोखाड्याचे पाडे टँकरची वाट पाहतात.

आमच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नव्हतें असें नाहीं. सर्वाधिकाऱ्याच्या एका आज्ञेनें सारें यंत्र पुसलें जातें. काड्यांची पेटी आई लेंकराच्या हातीं देत नाहीं. परंतु आईला एवढें ठाऊक असतें कीं, कांहीं वर्षांनीं ती पेटी द्यावयाचीच आहे. आमच्या बेतांत अशी तारीखच नव्हती, आणि वयानें आमच्याच बरोबरीच्या माणसाला आम्हीं लेंकरूं ठरविलें होतें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1983 सालीं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभिली. चालविण्याचें, अभ्यासण्याचें, बदलण्याचें व वांटण्याचें अशीं चार स्वातंत्र्यें ती प्रत्येक वापरकर्त्याचीं मानते. परवान्यानें गुरुजींना जें दिलें होतें, तें आम्हीं एका चौकटींत अक्षरें भरून काढून घेतलें.

यावर कोणी म्हणेल, मग पासवर्ड द्या आणि मोकळे व्हा. तेंहि खरें नव्हे. सर्व्हरसाठीं हजारों लोक ‘सेंटओएस’ वापरीत. त्याची आठवी आवृत्ति 2029 पर्यंत सांभाळूं असें वचन होतें. डिसेंबर 2020 मध्यें तें 2021 अखेरपर्यंत आंखडलें. परवाना मुक्त असल्यामुळें जाणत्यांनीं कांहीं महिन्यांतच ‘अल्मालिनक्स’ व ‘रॉकी लिनक्स’ असे दोन पर्याय उभे केले. ज्यांना आपल्या हातानें कांहीं करतां येत नव्हतें ते मात्र, दुसरा कोणी उभा करीपर्यंत, वाट पाहत बसले. हक्क दोघांचा सारखाच होता. न शिकवितां हातीं दिलेली किल्ली म्हणजे पुष्कळदां आपली जबाबदारी झटकण्याचा सभ्य प्रकार असतो.

पुढच्या खेपेस आम्हीं पासवर्ड कागदावर लिहून दिला, आणि गुरुजी व दहावींतल्या दोन मुली यांच्यासह एक सबंध दिवस बसलों. एक यंत्र मुद्दाम पुसलें आणि पेनड्राइव्हवरून तीनदां पुन्हां उभें केलें. तिसऱ्या वेळीं आम्हीं बाहेर ओट्यावर चहा घेत होतों. बिघडविण्याची भीति गेल्यावर शिकणें किती झपाट्यानें होतें, हें तीस वर्षें शिकवूनहि आम्हांस पुरतें ठाऊक नव्हतें.

त्या हिवाळ्यांत एक यंत्र खरेंच बिघडलें. कोणीतरी नको तें पुसलें. त्यांनीं तें आम्हांस न विचारतां पुन्हां बसविलें, भाषा मराठी निवडली, आणि डेबियन न घालतां नाशिकला शिकणाऱ्या एका मुलानें आणलेलें ‘मिंट’ घातलें. चार जीबी मेमरीवर तें जड जाईल असें आम्हीं म्हटलें. गुरुजी म्हणाले, “पोरांना दिसायला बरं वाटतं, सर. नाहीं चाललं तर तुमचं घालूं परत.” नवा पासवर्ड काय ठेविला, हें आम्हीं विचारलें नाहीं.