वॉरंटी कागदाची आणि शब्दाची

आखातातल्या आपल्या मंडळींच्या गप्पांचे विषय साधारण ठरलेले असतात. भारतवारीची तिकिटे, मुलांच्या शाळा, दिनाराचा भाव आणि गाडी! बहारीन हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभरात संपणारा देश, पण ऑगस्ट महिन्यात इथे गाडीवाचून पान हलत नाही. त्यामुळे 'एजन्सीवाल्यांनी कसे फिरवले' ही कथा प्रत्येक घरात एक तरी असतेच. माझ्याकडेही आहे. पण या लेखाचा विषय ती कथा नाही. तिच्या निमित्ताने पडलेला एक जुना प्रश्न आहे. आपण विकलेल्या वस्तूतला दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो समोरच्याला सांगण्याचे बंधन आपल्यावर कशामुळे येते? वॉरंटीच्या कागदामुळे? कायद्यामुळे? की या दोन्हींच्या आधीच्या कशामुळे?

कथा थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आमच्या गाडीला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी होती. तिसऱ्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स हिसके देऊ लागला. तेही सकाळी नाही. गाडी तासभर चालून तापली आणि कॉजवेकडच्या गर्दीत मुंगीच्या पावलाने जाऊ लागली, की मगच. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सकाळी द्यायची, त्यांनी ती एसी शेडमधून काढून दहा मिनिटे फिरवायची आणि संध्याकाळी कागद हातात ठेवायचा: 'दोष आढळला नाही.' असे तीन वेळा झाले. काउंटरवरचा गृहस्थ अतिशय नम्र होता. "सर, या मॉडेलमध्ये हे नॉर्मल आहे," असे तो इतक्या गोड आवाजात म्हणे, की आपणच गाडीवर अन्याय करतो आहोत असे वाटावे.

तिसऱ्या खेपेला मी फोनवर घरी मराठीत बोलत होतो. ते ऐकून वर्कशॉपमधला एक मेकॅनिक जवळ आला. कोकणातला होता, खेडच्या बाजूचा. आसपास कोणी नाही असे पाहून म्हणाला, "साहेब, गाडी दुपारी आणा, तापलेली असताना. आणि तक्रार जॉब कार्डावर लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटर टाकून. अशा अजून गाड्या आल्यात. वॉरंटी संपायच्या आत लिहिलेलं असलं की नंतर नाही म्हणता येत नाही. माझं नाव मात्र घेऊ नका."

हा सल्ला लाख मोलाचा होता. तोंडी तक्रार हवेत विरते, जॉब कार्डावरची तक्रार पुरावा होते. वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेला दोष दुरुस्तीला उशीर झाला म्हणून मुदतीबाहेरचा ठरत नाही, हे तत्त्व धरून मला पुढे भांडता आले. दोन महिने पत्रव्यवहार झाला. मुदत मधल्या काळात संपली, पण गिअरबॉक्सचा तो भाग अखेर बदलून मिळाला. इथे कथा संपली आणि विचार सुरू झाला.

मी व्यवसायाने आयटी सल्लागार. त्यामुळे 'दोष आढळला नाही' हे वाक्य मला परके नव्हते. आमच्या धंद्यात ग्राहकाने कळवलेली चूक आमच्या मशीनवर दिसली नाही, की ती तक्रार 'पुन्हा घडवता येत नाही' असा शेरा मारून बंद करण्याची पद्धत आहे. दुसरा शेरा 'रचनेप्रमाणेच चालते आहे'. म्हणजे 'या मॉडेलमध्ये हे नॉर्मल आहे' याचेच आमचे भाषांतर! शिवाय बहुतेक सॉफ्टवेअरच्या करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की वस्तू 'ॲज इज' दिली आहे, जशी आहे तशी. अमेरिकेत मास्टर्स करताना मी हेच शब्द जुन्या गाड्यांच्या काचेवर पाहिले होते. तिथल्या डीलरला जुनी गाडी विकताना वॉरंटी आहे की नाही हे सांगणारा कागद खिडकीवर लावावाच लागतो. तो कागद निदान काचेवर मोठ्या अक्षरांत तरी असतो. आमचा करार कोण वाचतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्याच्या मुदती दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस आणि ओझे वाहणाऱ्या, ओढकाम करणाऱ्या जनावराला पाच दिवस. म्हणजे त्या काळच्या 'गाडी'ची वॉरंटी पाच दिवसांची! ज्याने सांगोल्याचा जनावरांचा बाजार पाहिला आहे त्याला यातले शहाणपण कळेल. बैलाचे दात मोजून वय कळते, पण बैल 'बसका' आहे, म्हणजे भर कामात मट्कन बसणारा आहे, हे औताला जुंपल्याशिवाय कळत नाही. आमची गाडीही बसक्या बैलाच्या जातीची होती. बाजारात उमदी, नांगराला लावली की खोड दिसणार.

आपण राहतो त्या भूमीची परंपराही हेच सांगते. इस्लामी व्यवहारशास्त्रात 'खियार अल-ऐब' नावाची तरतूद आहे. विक्रीच्या वेळी लपलेला दोष नंतर उघड झाला तर सौदा मोडण्याचा ग्राहकाचा हक्क. यातला 'ऐब' आपल्या ओळखीचा आहे, जुन्या मराठीत तो याच अर्थाने आला. बहारीनचे मोती मुंबईच्या बाजारात जात, तेव्हा व्यापारी हातावर कापड टाकून खाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. आपल्याकडे बैलांचे सौदे उपरण्याखाली होतात तसेच. भाव झाकलेला असे, मोती मात्र उघडा असे. पुढे जपानी कल्चर्ड मोती आले आणि 1930 च्या दशकात इथला मोत्यांचा धंदा बसला. तरीही बहारीनने कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला बंदी घातली, इथला मोती म्हणजे नैसर्गिकच, ही खात्री टिकावी म्हणून. एका लहानशा बेटाने आपल्या शब्दाला दिलेली ही वॉरंटीच म्हणायची.

रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सन पूर्व 44 मध्ये लिहिलेल्या 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथात एक सुंदर पेच मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलेले तेवढे सांगावे, बाकीचे न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, ग्राहकाला कळायला हवे ते सगळे सांगितलेच पाहिजे, कारण माणसे एकमेकांची आहेत. सिसेरो कौल देतो तो सांगण्याच्या बाजूने. जे कळणे समोरच्याच्या हिताचे आहे ते आपल्या फायद्यासाठी त्याच्यापासून दडवणे हे साध्या, सरळ माणसाचे काम नव्हे.

यावर व्यवहारी माणूस विचारील, "सगळेच सांगत बसलो तर धंदा कसा व्हायचा?" प्रश्न योग्य आहे. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ग्राहकाला स्वतः पाहून कळते ते त्याने पाहावे. टायर झिजलेत, रंग उडालाय, हे विक्रेत्याने ओरडून सांगायची गरज नाही. पण जे फक्त विक्रेत्यालाच कळू शकते ते सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले, की विक्रेत्याला माहीत आणि ग्राहकाला अज्ञात अशी दरी राहिली तर ग्राहक प्रत्येक गाडीला खराब गाडीचा भाव देऊ लागतो, चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे उरतात त्या रद्दी गाड्या. या विचारासाठी त्यांना 2001 चे नोबेल विभागून मिळाले. वॉरंटी ही दरी बुजवण्याचा एक मार्ग, असे त्यांनीच म्हटले आहे. म्हणजे खरे सांगण्याने धंदा बुडतो हे अर्धसत्य आहे, न सांगण्याने अख्खा बाजार बुडतो.

आणि कधी माणसेही. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांमध्ये चावीचा स्विच इतका सैल होता की धक्क्याने तो फिरून इंजिन बंद पडे आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडत नसे. कंपनीत तो भाग पुढे सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. आमच्या भाषेत सांगायचे तर व्हर्जन नंबर न बदलता गुपचूप केलेली दुरुस्ती. त्यामुळे जुना सदोष भाग कुठे आणि नवा कुठे, हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षे उमगले नाही. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. यातल्या बऱ्याच गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपलेली होती. ती संपली म्हणून सांगण्याचे कर्तव्यही संपले, असे कोण म्हणेल?

इथे माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. फुकट दुरुस्तीला मुदत असणे रास्त आहे. कोणतीही वस्तू जन्मभर कोणी फुकट दुरुस्त करून देणार नाही, आणि तसे मागणेही बरोबर नाही. पण खरे सांगण्याला मुदत नसते. 'वॉरंटी संपली, आता पैसे पडतील' हे उत्तर प्रामाणिक आहे. 'वॉरंटी संपेपर्यंत दोष नव्हताच' हे नाही. पहिले वाक्य करारातले आहे, दुसऱ्याने करारच पोकळ होतो.

उरलेले निम्मे उत्तर त्या मेकॅनिकपाशी आहे, आणि ते अवघड आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपल्या हाडीमासी खिळलेले आहे. मग मालकाच्या गैरसोयीची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगणारा तो बेइमान ठरला का? मला तसे वाटत नाही. मीठ खाल्ले म्हणून मालकाची गुपिते जपावीत, त्याचे दर, त्याची गिऱ्हाइके दुसऱ्याला सांगू नयेत. पण गिऱ्हाइकाला खोटे सांगण्यात साथ देणे हा त्या मिठाचा भाग नाही. पगार हाताच्या कामाचा असतो, जिभेचा नव्हे.

तरीही त्याचे आणि माझे धाडस एका तराजूत घालता येणार नाही. मी फार तर एक गिअरबॉक्स गमावणार होतो. त्याची नोकरी गेली असती तर इथला मुक्काम आणि गावाकडे जाणारी मनीऑर्डर, दोन्ही धोक्यात. पत्रव्यवहार चालू असताना एका मॅनेजरने मला सरळ विचारले, "अशा आणखी गाड्या आल्या आहेत हे तुम्हाला कोणी सांगितले?" नाव घेतले असते तर काम आठवड्यात झाले असते. मी म्हणालो, "ते सोडा, तुमच्या नोंदी तपासा." काम आणखी लांबले.

आता चोखंदळ वाचक मला पकडतील. खरे सांगण्याला मुदत नसते म्हणता, आणि स्वतः मात्र मॅनेजरपासून लपवलेत? या आक्षेपावर मी बराच विचार केला. ज्याच्या जिवाला किंवा खिशाला धोका आहे त्याला त्या धोक्याचे सत्य कळण्याचा हक्क असतो. गाडीतला दोष कळण्याचा हक्क गाडी चालवणाऱ्याचा, कारण तोल जाणार तो त्याचा. मेकॅनिकचे नाव न कळल्याने मॅनेजरचे काहीच बिघडत नव्हते, कळल्याने मात्र एका तिसऱ्याचे घर बिघडले असते. न सांगणे एकच, पण त्याची किंमत कोण मोजतो यावर त्याचे पाप-पुण्य ठरते. आणि खरे बोलण्याचे ओझे सगळ्यात दुबळ्या खांद्यावर पडू नये, ही जबाबदारी मॅनेजरची, मालकाची आणि गिऱ्हाईक म्हणून आपलीही.

कायदे आपल्या बाजूला येत आहेत. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, 1986 मध्ये भारतात ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि बहारीनमध्येही 2012 पासून असा कायदा आहे. तक्रार करायला संकोचू नये. पण कायदा पोचतो तो कागदापर्यंतच.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या अंगावर येणारी. मंडळी, बहारीनमधून आपल्यापैकी बहुतेक जण कधीतरी जाणार. जाताना गाडी विकणार, आणि ती बहुधा आपल्यातच, पुण्या-नाशिकहून नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला. त्या दिवशी काउंटरच्या पलीकडे उभे असू ते आपण. त्या जोडप्याला ना इथले गॅरेज ठाऊक, ना इथला उन्हाळा. ते विचारतील, "काका, गाडी चांगली आहे ना?" त्यावर 'एकदम मस्त' म्हणणे सोपे असते, आणि तसे म्हटल्याने शे-दीडशे दिनार जास्तही येत असतील.

माझी सूचना साधी आहे. गाडीची सगळी जॉब कार्डे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. मुदतीत तक्रार नोंदवायला ती उपयोगी पडतातच. आणि गाडी विकाल तेव्हा चावीबरोबर ती फाइलही द्या, काय बदलले आणि काय अजून कुरकुरते ते बोट ठेवून दाखवा. भाव थोडा कमी येईल. पण नव्या मालकाला ती गाडी पहिल्या उन्हात कळण्याऐवजी पहिल्या दिवशी कळेल.