चंदीचा हिशेब

आपल्या भाषेत मिठाला मोठे वजन आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे, हे लहानपणापासून प्रत्येकाच्या कानीकपाळी पडत आलेले असते. घोड्याच्या बाबतीत मिठाच्या जागी चंदी आली, एवढाच काय तो फरक. धन्याने चंदी घातली, घोड्याने धन्याला पाठीवर वाहिले; हिशेब चुकता झाला. परंतु हा हिशेब नेहमी एकाच बाजूने का मांडावा? घोड्याने चंदी खाल्ली हे खरे. पण धन्यानेही घोड्याचे काही खाल्लेच की! त्या खाण्याला आपल्याकडे शब्द नाही, म्हण नाही, आणि शपथ तर नाहीच नाही.

आमच्या जुन्या परभणी जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न शोधायला पोथी उघडावी लागत नाही. हिंगोली 1999 सालच्या मे महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, आणि तेथे रिसाला बाजार नावाची वस्ती आहे. भाजी घ्यायला जाणाऱ्याला त्या नावाचे काही वाटत नाही. पण रिसाला म्हणजे घोडेस्वारांची तुकडी. निजामाच्या पैशाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली चाललेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी हिंगोलीला होती. या रिसाल्यांतला स्वार आपला घोडा आपण घेऊन येई आणि पगारातून त्याला पोसी. आपला 'शिलेदार' हा शब्दच इंग्रजांनी थोडा वाकडा करून या पद्धतीला लावला होता. शिवकालातही हाच भेद होता : बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदार आपल्या घोड्याला जपतो, कारण घोडा मेला तर त्याची भाकरी जाते. या जपण्याला मी नावे ठेवीत नाही. स्वार्थ हा पुष्कळदा चांगला मोतद्दार असतो. वेळेवर खरारा करतो, वेळेवर पाणी दाखवतो. मात्र घोडा लंगडा झाला की हाच मोतद्दार सर्वांत आधी तबेला सोडून जातो.

कंटिंजंटचे रिसाले 1903 मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाले. त्यांच्यातूनच पुढे आलेल्या डेक्कन हॉर्स या पलटणीने 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, यंत्रबंदुकांच्या काळात घोड्यावरून हल्ला चढवला. त्या दिवसाची आठवण पलटणीच्या इतिहासात आहे, आणि ती असावीच. परंतु युद्ध संपल्यावर जे घडले ते आठवणीत ठेवण्याची हौस फारशी कोणाला नव्हती. इंग्रज सरकारने आपले हजारो लष्करी घोडे परत न नेता परमुलखातच विकून टाकले. डोरोथी ब्रुक नावाची एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी 1930 मध्ये कैरोला गेली, तेव्हा तिला हे घोडे दगडांच्या गाड्या ओढताना दिसले. बारा वर्षे उलटली होती. अंगाची हाडे झालेली. तिने 1931 मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले, आणि सुमारे 5,000 घोडे तिने विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके खंगलेले होते की दोन दिवस पोटभर चारा आणि अंगाखाली मऊ गवत देऊन त्यांना शांतपणे मरण देणे, एवढेच तिच्या हाती उरले.

या बाईंची गोष्ट मला दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. एक म्हणजे, ज्यांनी या घोड्यांवर बसून लढाई केली, ज्यांनी त्यांना विकून रक्कम खजिन्यात भरली, त्यांच्यापैकी ती कोणीच नव्हती. ऋण एकाचे आणि फेडणारा दुसराच, हा प्रकार जगात वारंवार दिसतो. दुसरे म्हणजे, तिने दिले ते शेवटी मरणच. आपल्याकडे 1928 मध्ये साबरमती आश्रमात गांधीजींनी असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला सुई देऊन मरण देवविले, तेव्हा केवढे काहूर उठले होते! पत्रांचा पाऊस पडला. ज्या लोकांनी आयुष्यात एकाही वासराची शुश्रूषा केली नव्हती त्यांनाही अहिंसेचा उमाळा आला. मला गांधीजींचा निर्णय पटतो. पण तो पटण्याला एक अट आहे. वासरावर उपचार करून करून थकलेल्या हातालाच ती सुई उचलण्याचा अधिकार आहे. चारा महाग झाला म्हणून उचललेल्या सुईला दया म्हणणे ही भाषेची फसवणूक होय.

येथवर जे घोडे आले ते सगळे माणसाला मिळालेले, विकत घेतलेले, वापरलेले घोडे. खरी पंचाईत सुरू होते ती याच्या पुढे, जेथे घोडा योजून जन्माला घातला जातो तेथे. अशी पैदासगृहे पाहायची तर मराठवाडा सोडून पुण्याच्या अंगाला जावे लागते. शर्यतीच्या घोड्यांचे महाराष्ट्रातले स्टड फार्म बहुतेक त्याच भागात आहेत. जुन्या पागेचाच हा नवा संसार : तबेल्यांच्या रांगा, कुंपण घातलेली हिरवी राने, फेरफटक्याचे रिंगण, व्यवस्थापकाचा बंगला आणि जरा अलीकडे मोतद्दारांच्या खोल्या. येथे कोणती घोडी कोणत्या वळूला द्यायची हे वंशावळी मांडून ठरते. इंग्लंडात 1791 पासून छापली जात असलेली नोंदवही या जातीचा आधार आहे. तिच्यातले घोडे नरांच्या बाजूने केवळ तीन मूळपुरुषांपर्यंत जाऊन पोचतात. घोडी अकरा महिने पोटात वाढवते, शिंगरू तासाभरात पायावर उभे राहते. आणि ते कोणत्याही दिवशी जन्मले तरी त्याचे वय हिशेबासाठी 1 जानेवारीपासून मोजतात. जन्मतारखेवरसुद्धा त्याचा हक्क नाही. (जाता जाता सांगतो : शिंगराचे खापर-खापर-पणजोबा जेथे तोंडपाठ असतात तेथे त्याला खरारा करणाऱ्याच्या बापाचे नाव विचारायला कोणी थांबत नाही. त्याची खोलीही नोकरीला बांधलेली. हात थकले की खोली सुटली. घोड्याविषयी मी जे म्हणतो आहे ते यालाही लागू करून वाचायला माझी हरकत नाही.)

आता येथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो पोकळ नाही. असे म्हणतात की, शर्यत नसती तर हा घोडा जन्मलाच नसता. दोन-चार वर्षे तो धावला, उत्तम खाल्ले, वैद्याने रोज नाडी पाहिली. पुढे काय व्हायचे ते होवो, पण हे आयुष्य त्याला मिळाले ते आमच्या हेतूमुळे. तेव्हा ऋण असेलच तर ते घोड्याचे. बोलण्यात हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण हाच एखाद्या बापाच्या तोंडी घालून पाहा. 'मी नसतो तर तू जन्मलाच नसतास, तेव्हा तुला पोसण्याचे मला बंधन नाही', असे मुलाला सांगणाऱ्या बापाला आपण तत्त्वज्ञ म्हणत नाही. चार माणसे बोलावून त्याला समज देतो. जन्म देण्याने ऋण फिटत नसते. तेथून ते सुरू होते. ज्याला घोडा वाटेत सापडला त्याच्यापेक्षा, ज्याने वही मांडून, मुहूर्त धरून, फायदा मोजून घोडा जन्माला आणला त्याच्यावर अधिक भार आहे. घोडा पंचवीस वर्षे जगू शकतो आणि त्याची शर्यत त्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच संपते, हे जन्म ठरवतानाच ठाऊक असते. उरलेली वर्षे अपघाताने आलेली नसतात. अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा हिंडे, शंभर राजपुत्र त्याच्या पाठीशी असत, आणि यूप मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेला असे. फरक एवढाच की तेथे निदान कोणी ते लपवीत नव्हते.

आणि तरीही प्रश्न इतक्या सरळ रेषेत सुटत नाही, कारण मध्ये आमचा परभणीचा शेतकरी येतो.

पुण्याचा पूनावाला स्टड फार्म 1946 मध्ये सुरू झाला. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, कारण धनुर्वात आणि सर्पदंश यांवरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे प्रमाण टोचत जातात. त्याचे रक्त त्या विषाशी झुंजायला शिकते. मग ते रक्त काढून त्यातला उपयोगी अंश वेगळा करतात. जर्मनीत बेरिंगने 1890 मध्ये या विद्येचा पाया घातला, आणि चारपाच वर्षांत फ्रान्समध्ये काल्मेतने ती सापाच्या विषाला लावली. घोडे आपलेच आहेत तर औषध आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. जगाला लशी पुरवणारा हा कारखाना उभा राहिला तो म्हाताऱ्या घोड्यांच्या पाठीवर, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या शेतवस्तीची कल्पना करा. ज्वारी राखायला गेलेला माणूस जमिनीवर गोधडी टाकून झोपला आहे. मण्यार रात्री येते. तिचा दंश पुष्कळदा कळतसुद्धा नाही. पहाटे पापण्या उचलत नाहीत तेव्हा घरच्यांच्या ध्यानात येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावरची आठ-दहा कुप्या लस शिरेत गेली तर तो माणूस संध्याकाळी ओळखू लागतो. ही लस नको असे मी त्याच्या बायकोला सांगू शकत नाही. कोणताही प्राणिमित्र सांगू शकणार नाही. रक्त देताना घोड्याला विचारलेले नसते, हे खरे. पण येथे निदान त्याच्या दुःखाच्या पलीकडच्या पारड्यात एक जीव आहे. शर्यतीच्या पारड्यात टोट्याच्या चिठ्ठ्या आहेत. दोन्ही उपयोग एकाच शब्दाने ओळखले जातात ही आपल्या विचाराची आळशी सवय आहे. आणि उपयोग थोर असला म्हणून हयगय माफ होत नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरी 1901 मध्ये जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला. त्याचे रक्त तरी वापरले गेले, आणि 13 मुले दगावली. ज्याच्या रक्तावर आपले प्राण टांगलेले, त्याची प्रकृती ही दयेची बाब राहतच नाही.

मग म्हातारपणाचा भार कोणी उचलावा? मराठवाड्याने याचे एक उत्तर अनुभवले आहे, आणि ते चांगले नाही. महाराष्ट्रात 2015 मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, आणि त्याच सुमारास ओळीने दुष्काळ पडला. थकल्या बैलाला गिऱ्हाईक नाही, घरात कडबा नाही. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली त्यालाच दावणीला उपाशी पाहायचे, ही शिक्षा ज्याच्या वाट्याला आली त्याने बैल जन्माला घातला नव्हता. बाजारातून कर्ज काढून आणला होता. कर्तव्य सांगणारा कायदा मुंबईत झाला आणि कडब्याची पेंढी त्याच्या अंगणातून गेली. ऋणाची वाटणी ऐपतीप्रमाणे आणि हेतूप्रमाणे व्हावी, असे मला वाटते. ज्या शिंगराची बोली लाखांत लागते, त्याच्या बोलीतला ठरावीक हिस्सा त्याच्याच नावाने, त्याच्या उतारवयासाठी बाजूला पडावा. तो घोडा पुढे कोणाच्या दावणीला गेला तरी ही शिधोरी त्याच्याबरोबर जावी. रक्त देणाऱ्या घोड्याचे शेवटचे दिवस लशीच्या किमतीत धरावेत. आणि ती लस सरकार विकत घेते म्हणून तो पैसा तुम्हा-आम्हा सर्वांच्या करातून जावा. दुष्काळातल्या बैलाची छावणीही त्याच खात्यावर.

यावर कोणी म्हणेल, लोक कशाला देतील? मार्गशीर्षात नांदेडकडे, माळेगावच्या यात्रेला जाऊन पाहावे. घोड्यावर बसणाऱ्या खंडोबाची ती यात्रा. म्हणून तेथे घोड्यांचा बाजार भरतो. मंदिरातल्या घोड्याला लोक भंडारा वाहतात आणि बाहेर येऊन जिवंत घोड्याचे ओठ फाकवून दात मोजतात. दोन्ही कामे एकच हात करतो. त्या हाताला मधल्या चार पावलांचे अंतर दिसत नाही, असे समजण्याचे मला काही कारण दिसत नाही. त्याला ते कोणी दाखवलेले नाही, इतकेच. प्रतिविषाच्या कुपीवर ते घोड्यापासून बनवले असल्याचे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. दवाखान्यात त्या रात्री ते वाचून दाखवायला कोणाला सवड नसते, आणि सकाळी कुपी टोपलीत गेलेली असते.