यंदाच्या चातुर्मासाचा नेम : आपली गल्ली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आषाढी एकादशी जवळ आली. कांदेनवमीला घराघरांत भजी होतील आणि मग चार महिने कोणी कांदा-लसूण सोडेल, कोणी वांगं, कोणी एकवेळ जेवेल, कोणी गुरुचरित्राचं पारायण धरेल. ज्याची जशी श्रद्धा, तसा त्याचा नेम. परिवारात दरवर्षी विचारणा होते, की सगळ्यांनी मिळून करायचा नेम कोणता? यंदा नानाखेड्यातल्या आपल्या परिवाराच्या वतीने आम्ही एक नेम सुचवतो आहोत. त्याला पैसा लागत नाही, रविवारची अर्धा तास सेवा लागते. फक्त तो एकट्याने पाळता येत नाही, शेजाऱ्याला सोबत घ्यावंच लागतं. म्हणून तो कांदा सोडण्यापेक्षा थोडा अवघड आहे.

*डासाला कुंपण नाही*

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे तापाचे दिवस येतात. डेंग्यू, चिकनगुनिया ही नावं आता लहान मुलांनाही पाठ आहेत. या दोन्ही रोगांचा डास एकच, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. तो गटारात कमी आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात जास्त वाढतो. आपण मात्र गटाराकडे बोट दाखवत बसतो आणि अंडी आपल्याच कुलरमध्ये असतात.

उज्जैनला पाणी गंभीर धरणाचं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की नळ एक दिवसाआड येतो, मग प्रत्येक घरात पिंप, हौद, बादल्या भरून ठेवल्या जातात. पाऊस आला की कुलर बंद होतो, पण त्यातलं पाणी तसंच राहतं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने सरकलेलं असतं. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, अंगणातलं जुनं टायर, शेजारच्या अर्धवट बांधकामातला पाण्याचा हौद, या सगळ्या जागा डासाला चालतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे दर सात दिवसांनी पाणी ओतून भांडं घासून कोरडं केलं, तर नवा डास तयारच होत नाही. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

पण हा डास शे-दोनशे मीटरच्या टापूत फिरतो. वहिनींनी आपला कुलर आरशासारखा घासला आणि मागच्या घरातला तसाच राहिला, तर नातवाला ताप यायचा तो येणारच. देव्हाऱ्यापुढे आपण ऐकतो की सगळ्यांच्या ठिकाणी एकच ईश्वर आहे. हे मनाला पटतं, पण रोजच्या व्यवहारात उतरत नाही. हा छोटा डास ते व्यवहारात उतरवून दाखवतो. माझं आरोग्य आणि शेजाऱ्याचं आरोग्य वेगळं काढता येत नाही.

*बांगड्यांचा आवाज*

दत्त महाराजांनी चोवीस गुरू केले. त्यांतली एक कुमारिका. घरी पाहुणे आलेले, ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या एकमेकींवर वाजू लागल्या, तेव्हा तिने एकेक काढून हातात एकच ठेवली. आवाज थांबला. महाराज त्यातून एकांत शिकले. साधनेसाठी ते खरंच आहे, जपाला बसताना एकटंच बसावं.

पण चोवीसांत मधमाशीही आहे. ती अनेक फुलांवर जाते, प्रत्येकाकडून थोडंसं घेते, कुठल्याच फुलाला त्रास देत नाही. गल्लीचं काम मधमाशीच्या रीतीने करायचं आहे. एका घरातून पाच मिनिटं, दुसऱ्यातून शिडी, तिसऱ्यातून कॉलेजातला मुलगा, चौथ्यातून फक्त "हो, या बघायला" एवढा शब्द.

आणि चार हात एकत्र आले की बांगड्या वाजणारच. पुढाकार कोणाचा, फोटोत कोण पुढे, आमचा परिवार की त्यांचं मंडळ, यावरून कामं सुरू होण्याआधीच संपतात. हा आवाज सहन करायला शिकणं हीसुद्धा साधनाच आहे.

याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. इथल्या उत्तरेकडच्या पंचांगाने श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि आपला पंधरा दिवस नंतर संपतो. महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या श्रावणातही निघतात आणि त्यांच्या भादव्याच्या पहिल्या पंधरवड्यातही, जो आपला श्रावणच असतो. कोणाचाच श्रावण वगळला गेला नाही. सवारी पाहायला रस्त्यावर उभं राहणाऱ्याला कोणी संप्रदाय विचारत नाही.

*जामखेडमध्ये काय झालं*

ज्या अहिल्यादेवींनी माळव्याचा कारभार पाहिला, त्यांचं जन्मगाव चौंडी. ते जामखेड तालुक्यात आहे, पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. त्याच जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य कामाला आलं. मेबलताई आपल्या मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या. दोघं ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेतही शिकून आलेले. शहरात मोठा दवाखाना सहज थाटता आला असता.

ते आले तेव्हा दुष्काळाचे दिवस आले. लोकांना औषधाआधी पाणी हवं होतं आणि पोटाला अन्न हवं होतं. डॉक्टरांनी आपलं म्हणणं बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात केली. हातपंप बसवायचे होते तेव्हा पाणी दलित वस्तीत शोधलं. मग ज्यांनी त्या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनाही घागर घेऊन तिथेच रांगेत उभं राहावं लागलं. वेगवेगळ्या जातींची तरुण माणसं एकत्र यावीत म्हणून व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. मागून महिला मंडळं झाली.

प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई आरोग्याच्या कामासाठी निवडली. यांतल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत, बाळंतपण, जुलाब, लसीकरण, आहार यांविषयी शिकत आणि परत गावी जाऊन घरोघर सांगत. 1971 च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. काम मात्र थांबलं नाही, कारण ते गावाचं झालं होतं. आज दारी येणाऱ्या आशा दीदीची योजना देशात 2005 पासून आहे, आणि तिच्या मागे जामखेडसारख्या अनुभवांची पुण्याई आहे.

यातून आम्हाला घेण्यासारख्या तीन गोष्टी दिसतात. लोकांना काय हवं ते आधी विचारलं. ज्यांना कोणी बोलावत नाही त्यांना आधी आत घेतलं. आणि काम ठरलेल्या वारी, न चुकता केलं.

*नाव कोणाचं?*

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. त्यांनी किती धर्मशाळा उभ्या केल्या! पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. उभं केलेलं दुसऱ्याच्या हाती सोपवता येणं, हे वैराग्य घर सोडण्याइतकंच मोठं आहे.

म्हणून आमची विनंती आहे. या कामावर परिवाराचा फलक नको, गुरूंचा फोटो लावलेलं बॅनर नको. गुरुपौर्णिमेला एक दिवसाचं आरोग्य शिबिर भरवलं की समाधान मिळतं, फोटोही छान येतात, आणि तेही अवश्य करावं. पण डास दर आठवड्याला येतो, त्यामुळे सेवाही दर आठवड्याला हवी. गल्लीतला जैन परिवार, मुस्लिम दुकानदार, भाड्याने राहणारी विद्यार्थी मुलं, बांधकामावरचे मजूर, या सगळ्यांना ते आपलं वाटलं पाहिजे. जमलं तर प्रमुख आपल्या परिवाराबाहेरचाच असू द्यावा.

*नेम असा पाळू या*

1. रविवारी सकाळी एका गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांनी एकाच वेळी पाणी ओतून भांडी, कुलर, ट्रे घासून कोरडे करावेत. टाकीचं झाकण घट्ट बसवावं, जिथे बसत नाही तिथे कापड बांधावं.

2. दोघा-दोघांची जोडी करावी, एक आपला, एक शेजारचा. दार वाजवताना दोष काढायचा नाही. "काकू, शिडी आणली आहे, टाकी बघून देऊ का?" एवढंच विचारावं.

3. रिकामे प्लॉट आणि अर्धवट बांधकामं वहीत लिहावीत. आशा दीदी आणि वॉर्डाचे पार्षद यांना पहिल्याच रविवारी बोलवावं. नगर निगमाकडे अर्ज द्यायचा तो सगळ्या गल्लीच्या सह्यांनी. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या राहतात, हेही सर्वांना सांगावं.

4. कोणाला ताप असेल तर वहीत नोंद करावी आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावं. मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नये. ताप उतरतानाच पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार सुस्ती किंवा बेचैनी दिसली तर थांबू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

5. वाद झाला तर त्या दिवशी तो सोडवत बसू नये. आधी कुलर घासावा, मग चहा, मग बोलणं.

आपल्या महानंदा नगर, वसंत विहारच्या बाजूला कितीतरी घरांत आता आजी-आजोबा दोघंच राहतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कोणी परदेशात. ती मुलंही हा संदेश आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर वाचत असतील. बाळांनो, तुमच्या बाबांना सत्तरीत गच्चीवर चढवत नाही. या नेमाने निदान आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांचं दार वाजवेल, टाकी बघेल, तब्येत विचारेल. तुम्हीही दर रविवारी फोन करून एवढंच विचारा, "आई, आज गल्लीतले आले होते का?" तुमचा नेम तोच.

कार्तिकी एकादशीला प्रत्येक गल्लीने वही घेऊन एकत्र बसावं. किती रविवार पाळले, किती चुकले, कोणती घरं अजून आली नाहीत, हे मोकळेपणाने वाचावं आणि पुढे काय हवं ते गल्लीलाच विचारावं. कोणी पिण्याच्या पाण्याचं म्हणेल, कोणी बीपी-शुगर तपासणीचं. 2028 ला सिंहस्थ आहे, घराघरांत पाहुणे उतरतील. तोवर ही सवय अंगवळणी पडली तर त्यांचीही सेवा घडेल.

ज्यांच्या गल्लीत हा नेम धरायचा आहे त्यांनी एकादशीच्या आधी दोन शेजाऱ्यांशी बोलून ठेवावं, आणि त्यांतला एक तरी आपल्या परिवाराबाहेरचा असावा.

सद्गुरु सर्वांना आरोग्य आणि एकमेकांसाठी वेळ देवोत.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

(हा संदेश आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर पाठवा. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.)