गाडीला कथेत काम दे

डेट्रॉइट

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

पहिलं पुस्तक हातावेगळं झालं, फार बरं वाटलं. प्रेमकथेत मसल कार लिहिताना एवढी मजा येते, हे ठीक आहे ना, असं तू विचारतेस. अगं, ठीक म्हणजे काय! एकाच विषयावर पुस्तकामागून पुस्तक लिहायचं तर ती मजाच तुला तडीला नेईल. ‘असलं हलकंफुलकं कशाला’ म्हणणाऱ्यांपायी तिला आवर घालू नकोस.

फक्त गाडी नुसती शोभेला उभी करू नकोस. तुझी १९६८ची चार्जर दिसते देखणी, पण तिच्यामुळे काहीच घडत नाही. एकमेकांना टाळणाऱ्या दोघांना एका जागी खिळवून ठेवायला काहीतरी कारण लागतं, आणि जुनी गाडी ते आयतं देते. ब्रेकमधली हवा काढायचंच बघ. जुन्या पद्धतीनं हे एकट्याचं काम नाही. ती आत बसून पेडल मारते, दाबून ठेवते आणि ‘धरलंय’ म्हणते. तो चाकाशी आडवा पडून निपल सैल करतो, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं, निपल पुन्हा आवळतो, मग ‘सोड’ म्हणतो. त्याआधी तिचा पाय उचलला गेला तर हवा परत आत. एकेका चाकाला हे कितीदा तरी. काल कडाक्याचं भांडण झालेलं, एकमेकांचं तोंड दिसत नाही, तरी बोलावं तर लागतंच. पहिल्या चाकाचं ‘धरलंय’ आणि चौथ्या चाकाचं ‘धरलंय’ यांत काय फरक पडला, ते लिही. माझ्या मालिकेत हा प्रसंग लिहिताना मला जेवणाची शुद्ध नव्हती.

गाडी निवडताना माणसाची ऐपत बघ. कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला १९६८ची प्लिमथ रोडरनर दे. ती मुद्दाम स्वस्तात काढलेली गाडी: इंजिन ३८३ घनइंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं, पण आत चैन काही नाही, पुढे साधं सलग सीट. त्यावर ती त्याच्याजवळ सरकू शकते, पण मध्ये गिअरचा दांडा येतो आणि दर गिअरला तिला गुडघे आवरावे लागतात. बकेट सीटच्या गाडीत हा प्रसंग जमणारच नाही.

आणि काळ विसरू नकोस. १९६४ साली पाँटिॲकनं मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं इंजिन घालून जीटीओ आणली, तिथून हे वेड पसरलं. दहा वर्षांच्या आत विम्याचे चढे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांनी ते संपवलं. तुझ्या मालिकेचा चढउतार यातच आहे. शेवटचं पुस्तक १९७३च्या हिवाळ्यात ठेव. पंपावर रांगा, घरात तान्हं मूल, आणि गाडी विकायची की नाही यावर नवराबायकोत अबोला. तिथे तुझं प्रेम खरं कसाला लागेल.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. तेव्हा माझ्याकडे राहायला ये. मालक मंडळी बॉनेट उघडून इंजिनाचं सगळं आपणहून सांगतात. शेजारच्या सीटवर कोण बसायचं, ते मात्र तुला विचारावं लागेल. नव्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं त्याआधी पाठव, वाचून ठेवते.

तुझी,
मावशी