लाज न झाकणारी लेखणी

वचन : मार्क १४:६६-७२

वाड्याच्या अंगणात शेकोटी पेटली आहे आणि एका दासीच्या साध्या बोलण्याने प्रेषितांचा पुढारी डळमळतो. हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. मार्काने पेत्राच्या तोंडून ऐकलेले लिहिले, अशी प्राचीन मंडळीची परंपरा आहे. ती खरी असेल, तर आपल्या नाकारण्याची हकिकत पेत्राने स्वतःच मंडळ्यांस सांगितली असली पाहिजे. कोंबडा आरवल्याचेही त्याने गाळले नाही.

खऱ्या जीवनवृत्तांताची गोडी कशात आहे, याचा विचार करिताना आम्हांस हे अंगण आठवते. कल्पित कथेचा नायक चुकला, तर लेखकाचे काही जात नाही. आत्मवृत्त लिहिणाऱ्याचे मात्र जाते.

कै. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहा. त्यांचा पहिला भाग १९३४ साली निघाला. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा स्वतःचा १९०० साली. मधल्या काळात ताटातूट, निंदा, आकांत. दुसऱ्या कोणी हा काळ 'अंधारातून प्रकाशात' एवढ्या दोन शब्दांत आटोपला असता. लक्ष्मीबाई आपला संताप सांगतात, जातीच्या विटाळाची धास्ती सांगतात, स्वतःच्या फजितीवर हसतात. आणि ज्या पतीवर त्यांचा जीव, त्याचा तापट स्वभावही झाकीत नाहीत. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हेही मोलाचे. पण त्यात वादविवाद पुष्कळ असल्यामुळे ते उपदेशकांनी एकट्याने, सावकाश वाचावे, असे आमचे मत आहे.

'स्मृतिचित्रे' मात्र चारचौघांत मोठ्याने वाचावीत. आमच्या एका खेड्यातील मंडळीत आम्ही ती सायंकाळच्या उपासनेनंतर थोडी थोडी वाचीत असू. एके दिवशी एक वृद्ध भगिनी मध्येच म्हणाली, "बाबा, ही बाई सवताची लाज झाकीत न्हाई. तुमच्या साक्षीत मातर तुमी बाप्तिस्म्यापास्नं कवाच चुकत न्हाई."

लोक हसले. आम्हांस हसू आले नाही. कित्येक वर्षे आम्ही तीच साक्ष तशाच घोटीव शब्दांत देत आलो होतो. बाप्तिस्म्यानंतर, पाळकपदाचे शिक्षण संपवून घरी आलो असता, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आम्ही आमच्या सख्ख्या भावावर हात उगारला होता आणि पुढे दोन वर्षे त्याच्या घरी पाणीही प्यालो नव्हतो. हे साक्षीत कधी आलेच नव्हते. का, तर ऐकणाऱ्यांचा विश्वास डळमळेल, असे आम्ही मनाला सांगत होतो. खरे कारण आमची अब्रू.

त्या सायंकाळी पुस्तक मांडीवर उपडे ठेवून आम्ही ते सांगितले. सांगताना भावाचे नाव घेतले, तेव्हा आवाज बसला. कोणी काही बोलले नाही. मग ती वृद्ध भगिनी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता म्होरलं वाचा, बाबा."