पुढून आले की देते

‘ताई, छोटासाच बदल आहे.’

रात्री 11 वाजून 10 मिनिटांनी आलेल्या व्हॉइस नोटची ही सुरुवात. लांबी सात मिनिटं. बदल छोटा असता तर सांगायला सात मिनिटं कशाला लागली असती, असा प्रश्न मला पडला. मी उत्तरात अंगठा पाठवला.

मी फ्रीलान्स लिहिते. वेबसाइटचा मजकूर, अहवाल, दुसऱ्यांच्या नावाने छापली जाणारी पुस्तकं. हे गृहस्थ आपल्या दिवंगत वडिलांवर पुस्तक काढत होते. सव्वाशे पानं, वर्षश्राद्धाच्या दिवशी प्रकाशन. ठरलेले 40 हजार, त्यातले 10 हजार आगाऊ. बाकीचे कधी, किती वेळा बदल, शेवटचा खर्डा कोणता, या सगळ्याला आम्ही दोघांनी मिळून एकच उत्तर दिलं होतं, ‘बघून घेऊ.’

पहिल्या खर्ड्यावर ते म्हणाले, ‘बाबा इतके कडक नव्हते हो.’ मी बाबांना मऊ केलं. पंधरा दिवसांनी, ‘बाबांचा दरारा आलाच नाही.’ मी दरारा आणला. सहाव्या खर्ड्यापर्यंत मी मैत्रिणींच्या ग्रुपवर त्यांच्या मेसेजचे स्क्रीनशॉट टाकायला लागले होते. आम्ही मनसोक्त हसायचो. अवघड क्लायंट हा आमच्या धंद्यातला हक्काचा खलनायक. तो असला की आपण आपोआप बिचारे ठरतो.

मग एकदा फोनवर ते म्हणाले, ‘तुमचं काही चुकत नाही. पण पूर्ण वाचून झालं की वाटतं, आता बाबा खरंच संपले.’

मी विरघळले. ग्रुपवरचे स्क्रीनशॉट काढून टाकले. पैशांचा विषय त्यांनीच काढला, ‘प्लॉटचा व्यवहार अडकलाय, पुढून आले की देतो.’ मी म्हटलं, ‘अहो, त्याची घाई नाही.’ फोन ठेवल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी डीटीपीवाल्या ताईंचा मेसेज आला. त्या घरून काम करतात. माझ्या प्रत्येक नव्या खर्ड्याबरोबर त्यांनी पानं पुन्हा लावली होती. परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकतात, फोटो भलतीकडे जातात. ‘मॅडम, जमलं तर बघाल का? मुलाची फी भरायचीय.’ त्यांचे 8 हजार माझ्याकडे तीन महिने राहिले होते.

मी टाइप केलं, ‘पुढून आले की देते.’

पाठवायच्या आधी थांबले. वाक्य तेच होतं. फक्त ‘देतो’चं ‘देते’ झालं होतं.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. आता आयुष्यात करून दाखवत होते. त्या गृहस्थांना ‘घाई नाही’ म्हणताना मी जे औदार्य दाखवलं, त्याचा खर्च दुसऱ्याच घरात निघत होता. माझ्या दयेची फी एका मुलाच्या फीमधून जात होती.

मला इथे खरा नैतिक प्रश्न दिसतो. समोरच्याचं दुःख समजून घेणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच नाही. चांगलंच. प्रश्न हा की त्या समजून घेण्याचं बिल कुणाच्या नावावर फाटतं. मी माझ्या वाट्याचे पैसे सोडले तर ती दया. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडले तर ती फक्त भीड. आणि भीड भिकेची बहीण, हेही शाळेतच शिकवलं होतं. भीक कुणाच्या वाट्याला येते, ते मात्र शिकवलं नव्हतं.

‘बघून घेऊ’ हा शब्द दोघांना सारखा वाटतो, पण तो सारखा नसतो. करार मोघम असला की ज्याला थांबणं परवडतं, तो जिंकतो. कायद्याला हे कळलेलं आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे देण्यासाठी फार तर 45 दिवसांची मुदत ठरवता येते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण मी नोंदणी केलेली नव्हती. आणि डीटीपीवाल्या ताईंशी तर मी एक ओळही लिहून ठरवली नव्हती. माझ्यावर होणाऱ्या अन्यायाचा माझा अभ्यास दांडगा होता. मी करत असलेल्या अन्यायाची फाइल उघडलीच नव्हती.

त्याच दिवशी त्यांचे पैसे माझ्या बचतीतून दिले. यात थोरपणा काही नव्हता, ती उधारी होती. मग त्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, ‘आणखी दोन वेळा बदल करून देईन, त्यानंतर प्रत्येक वेळचे वेगळे पैसे. आणि उरलेल्यातले निम्मे आधी लागतील. बाबांबद्दल बोलायचं असेल तर केव्हाही फोन करा, त्याचे पैसे नाहीत. लिहायचं असेल तर त्याचे आहेत.’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘शेवटी तुम्हीपण पैशावर आलात.’

हे लागलं. अजूनही लागतं. आठवड्याने 15 हजार आले, उरलेले 15 कधीच आले नाहीत. पुस्तक वेळेवर निघालं. प्रकाशनाला मला बोलावणं नव्हतं. बोलायला म्हणून त्यांनी फोनही केला नाही. मी हे सगळं सुरुवातीला सांगितलं असतं तर कदाचित ते दुखावले नसते, आणि तेवढी चूक माझी आहे. सहा महिने गोड बोलून सातव्या महिन्यात नियम सांगणाऱ्या माणसावर कुणीही चिडेल.

आता नवं काम घेताना आधी चार ओळी लिहून पाठवते. माझा आगाऊ हप्ता आला की डीटीपीवाल्या ताईंचा हिस्सा त्याच दिवशी जातो.

गेल्या महिन्यात त्यांचा मेसेज आला, ‘मॅडम, यापुढे तिसऱ्या बदलापासून पानामागे जादा घेईन.’

वाचून माझ्या मनात पहिला विचार आला, काय अवघड बाई आहे!

मग मी लिहिलं, ‘बरोबर आहे.’